मराठी वाहिन्यांवरचे हास्य-कार्यक्रम: मराठवाड्यातल्या बैठकीतून परीक्षण

टीव्हीवरच्या मराठी विनोदाबद्दल मराठवाड्यात सरळ दोन तट आहेत. एक म्हणतो, हे घरात सगळ्यांनी मिळून बघायचं असतं, समोर आजी बसलेली असते, लेकरं असतात, तिथं हा चावटपणा नको. दुसरा म्हणतो, ज्या मुलखात तमाशातली बतावणी म्हणजे हजरजबाबी विनोदी संवाद आणि संत एकनाथांचं भारूड ऐकत पिढ्या वाढल्या तिथं एवढं सोवळं कशाला. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. तरी वाद जागचा हलत नाही, कारण सगळा वाद शब्दांवर अडतो. पडद्यावर काय येतं आणि त्याआधीच काय गाळलं जातं हे नीट पाहिलं तर खरं दुखणं कळतं. मोठ्या वाहिन्यांनी टोचणारा भाग काढून टाकला आहे आणि चावट भाग तेवढा ठेवला आहे. उपहास आणि अश्लीलता एकाच गाठोड्यात बांधून तोलली की हे दिसत नाही.

परीक्षणासाठी मुख्यतः दोन कार्यक्रम धरले आहेत. झी मराठीवरचं ‘चला हवा येऊ द्या’ २०१४ साली सुरू झालं, २०२४ मध्ये थांबलं आणि २०२५ मध्ये नव्या पर्वानं परतलं. सोनी मराठीवरची ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ २०१८ पासून चालू आहे. अधूनमधून येऊन गेलेले इतर कार्यक्रम याच दोन साच्यांतून निघालेले असतात, म्हणून त्यांची वेगळी यादी देण्यात अर्थ नाही.

आधी रचना बघू. केबल नियमांनुसार तासाला जास्तीत जास्त १२ मिनिटं जाहिरात चालते, त्यातली १० व्यावसायिक आणि २ वाहिनीच्या स्वतःच्या कार्यक्रमांची. म्हणजे तासाभराच्या भागात उरतात ४८ मिनिटं. त्यातून निवेदन, परीक्षकांची शेरेबाजी आणि पाहुण्यांचं स्वागत वजा केलं की प्रत्यक्ष प्रहसनांना जेमतेम अर्धा-पाऊण तास मिळतो. एवढ्या वेळात तीन-चार प्रहसनं बसवायची, आणि तीही आठवड्यामागून आठवडे. लेखकाला एका प्रहसनासाठी फार तर दोन-चार दिवस मिळतात. पात्र उभं करायला वेळ लागतो, प्रसंग फुलवायला त्याहून जास्त. साडी, टक्कल, ढेरी, तोतरेपणा या गोष्टी मात्र पात्र दारातून आत येताक्षणी हशा देतात. विनोद हलका होतो त्याचं पहिलं कारण या घाईत आहे, लिहिणाऱ्याची नियत वाईट असते म्हणून तो हलका होत नाही.

या घाईतही जे चांगलं निघतं ते मनापासून दाद देण्यासारखं आहे. सचिन गोस्वामी आणि सचिन मोटे यांच्या जोडीनं घडवलेल्या हास्यजत्रेत समीर चौघुले, नम्रता संभेराव, प्रसाद खांडेकर यांच्यासारखे नट शब्दापेक्षा थांब्यावर हशा घेतात. समोरच्याचं वाक्य संपल्यावर अर्धा क्षण गप्प राहणं आणि मग पडत्या आवाजात उत्तर देणं हे कसबाचं काम आहे, आणि त्याला एकाही द्व्यर्थी शब्दाची गरज लागत नाही. ‘चला हवा येऊ द्या’मध्ये सागर कारंडे पोस्टमन होऊन पत्र वाचत. ही पत्रं बीड जिल्ह्यातल्या अरविंद जगताप यांनी लिहिलेली. तासभर दंगा चालल्यावर खाकी कपड्यातला एक माणूस येतो, दुष्काळावर, शेतकऱ्यावर, गाव सोडून गेलेल्या पोरावर चार परिच्छेद वाचतो आणि सगळा मंच शांत होतो. त्या चार परिच्छेदांत जेवढा उपहास असे तेवढा उरलेल्या तासात मिळून नसे. मोठ्या वाहिनीवर बोचरं लिहिलेलं चालतं, लोक ते टिकून बघतात, याचा एवढा सरळ पुरावा दुसरा नाही.

आता जिथं गाडी घसरते ते. पुरुषानं साडी नेसणं हा आपल्याकडं जुना प्रकार आहे. तमाशाचा क्रम गण, गवळण, बतावणी आणि मग वग म्हणजे मुख्य नाट्य असा. गवळणीत मावशीचं काम पुरुष करतो. पण तिथली मावशी म्हणजे साऱ्या गौळणींची म्होरकी. मथुरेच्या वाटेवर कृष्ण आणि पेंद्या आडवे येतात, दाण म्हणजे जकात मागतात, तेव्हा त्यांच्याशी हुज्जत घालते ती मावशी, आणि वादात जिंकतेही तीच. तिच्या तोंडी चावट बोलणं असतं, पण ते तिचं हत्यार असतं. टीव्हीवर त्याच साडीतल्या पात्राला हत्यार दिलेलं नाही. ते आत येतं, पदर सावरतं, लाजतं, कुणाच्या तरी अंगावर रेलतं आणि कॅमेरा परीक्षकांच्या हसण्यावर जातो. त्या पात्राला काय हवं आहे, ते कशासाठी भांडतंय, हे शेवटपर्यंत कळत नाही. तमाशात साडी ही भूमिकेची गरज होती. इथं साडी नेसणं हाच विनोद ठरतो, आणि बाईसारखं दिसणं, चालणं हेच हसण्याचं कारण होतं.

तपासायची एक सोपी रीत आहे. प्रहसन चालू असताना पडद्याकडं पाठ करा आणि पाच मिनिटं नुसतं ऐका. वेशभूषा गेली, चेहऱ्यावरचे चाळे गेले, परीक्षकांचे चेहरे गेले. हशाचा आवाज येतच राहील, तो मोजू नका, कारण आधी चित्रित केलेल्या कार्यक्रमात हशा संकलनाच्या टेबलावर कमी-जास्त करता येतो. फक्त वाक्यं ऐका. चांगलं प्रहसन या पाच मिनिटांत तग धरतं. कच्च्या प्रहसनात कुणाला तरी हाक मारणं, कुणाच्या तरी अंगाबद्दल शेरा आणि पार्श्वसंगीताचा ‘ढुम’ एवढंच कानावर पडतं.

‘बीप’चंही असंच. शिवी झाकायला आलेला हा आवाज आता शिवीची आठवण करून द्यायला वापरतात. अगदी साध्या शब्दावरही तो टाकतात, म्हणजे ऐकणाऱ्याच्या मनात मूळ शब्दापेक्षा वाईट शब्द येतो. ओठ दिसतात, पहिलं अक्षर ऐकू येतं, आणि आठ वर्षांचं पोर ‘तो काय म्हणाला?’ विचारतं. सरळ शिवी एकदा येऊन जाते. बीपमुळं ती घरात अर्धा तास राहते. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम १९९४ मधल्या नियम ६ मध्ये, म्हणजे ज्याला कार्यक्रम संहिता म्हणतात तिच्यात, अश्लीलतेबरोबर सूचक, आडून केलेल्या बोलण्याचाही उल्लेख आहे. बीप टाकला म्हणजे नियम पाळला असं होत नाही.

अंगावरून, रंगावरून केलेल्या विनोदाचा निकाल तर केव्हाच लागायला हवा होता. २०१६ मध्ये कलर्स वाहिनीवरच्या हिंदी ‘कॉमेडी नाइट्स बचाओ’मधून अभिनेत्री तनिष्ठा चॅटर्जी रंगावरून चाललेली शेरेबाजी ऐकून उठून गेल्या, त्यांनी फेसबुकवर सविस्तर लिहिलं आणि वाहिनीनं माफी मागितली. तेव्हा बचाव झाला तो असा, की पाहुण्याची खेचणं हाच कार्यक्रमाचा प्रकार आहे. प्रकार मान्य आहे. पण माणसानं काय केलं यावर खेचणं वेगळं आणि तो कसा जन्मला यावर खेचणं वेगळं. मराठी कार्यक्रमांत हा दुसरा प्रकार आजही सर्रास चालतो, आणि ज्याच्यावर विनोद होतो तो नटच स्वतः हसत असल्यानं तो खपून जातो. शाळेतल्या काळ्या किंवा जाड पोराला मात्र दुसऱ्या दिवशी तेच वाक्य ऐकावं लागतं, आणि त्याला त्याचं मानधन मिळत नाही.

मराठवाड्यातल्या प्रेक्षकाला सगळ्यात जास्त सलणारी गोष्ट भाषेची आहे. प्रहसनात गावाकडचा माणूस आला की त्याचं गाव बीड सांगतात, जालना सांगतात, पण तोंडी कोल्हापूर-साताऱ्याकडची बोली देतात. ‘न्हाय’, ‘रं’, ‘गं’ टाकलं की झालं ग्रामीण. नांदेड-लातूरकडचं ‘काय करूलालास’, ‘जाऊलालो’, परभणी-बीडकडचं ‘कामून’, निजामाच्या काळापासून मुरलेली दख्खनी उर्दूची लकब, बोलताना वाक्याच्या शेवटी लांबणारा हेल, यातलं काही ऐकू येत नाही. आणि क्वचित ऐकू आलं तर ते बावळट, अडाणी किंवा दारू प्यालेल्या पात्राच्या तोंडी. मालवणी आणि आगरी बोलणारी पात्रं निदान चतुर तरी दाखवतात. आपल्याकडच्या बोलीला तेवढाही मान नाही.

ही बोली मुख्य प्रवाहात चालणार नाही म्हणावं तर तसंही नाही. मराठवाडा विद्यापीठाच्या नाट्यविभागात शिकवणाऱ्या लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या एकपात्रीत याच बोलीत ५२ पात्रं उभी केली आणि मुंबई-पुण्यापासून परदेशापर्यंत प्रयोग केले. त्यातली गावची माणसं भाबडी आहेत, चुकतात, गोंधळतात, पण प्रेक्षक त्यांच्या बाजूनं हसतो. मोठ्या वाहिनीच्या लेखकांनी एवढा एक फरक जरी शिकून घेतला तरी निम्म्या तक्रारी मिटतील.

कार्यक्रम संहितेत यासाठी नेमकं कलम आहे, नियम ६(१)(एम). विशिष्ट वांशिक, भाषिक किंवा प्रादेशिक गटांचं चित्रण करताना तुच्छतेचा, हिणवण्याचा सूर असलेली दृश्यं किंवा शब्द दाखवू नयेत, असा त्याचा आशय. मराठवाड्यातून वाहिन्यांविरुद्ध ‘अश्लील आहे’ अशी ओरड खूप होते. या कलमाचा आधार घेऊन बोलताना मात्र फारसं कुणी दिसत नाही.

आता उपहासाकडं. आपल्याकडं उपहास किती उघडावाघडा होता ते पाहायचं तर पैठणला जावं लागेल. एकनाथांच्या (१५३३–१५९९) एका भारुडात सून भवानीला रोडगा कबूल करते आणि त्या बदल्यात मागते काय? सासरा गावाला गेलाय तिथंच खपू दे, जाच करणारी सासू जाऊ दे, फडाफडा बोलणारी जाऊ बोडकी होऊ दे, नणंदेच्या किरकिऱ्या पोराला खरूज होऊ दे, आणि शेवटी नवऱ्याचीही आहुती. आजच्या वाहिनीच्या कचेरीत ही संहिता पहिल्या वाचनात परत येईल. पण हे भारूड देवळात, बायाबापड्यांसमोर, चारशे वर्षं चाललं आहे. कारण शेवटच्या चरणात सगळी नाती सुटून एकटं उरण्याची मागणी येते आणि ऐकणाऱ्याला कळतं की आपण कशावर हसलो. सिल्लोड तालुक्यातले भारूडकार निरंजन भाकरे, जे २०२१ मध्ये गेले, नाथांच्याच भारुडांच्या आधारावर व्यसन आणि अंधश्रद्धेवर बोलत, आणि लोक पोट धरून हसत. भाषा रांगडी, अंगविक्षेप भरपूर, पण घाव कुठं घालायचा ते पक्कं ठाऊक.

बतावणीचं तेच. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत किंवा गावच्या जत्रेत सोंगाड्या त्या त्या गावाचा विषय उचलतो: जळालेली डीपी, महिनाभर न आलेला टँकर, पंचनाम्यात राहून गेलेलं शेत, पोराला मुलगी मिळेना म्हणून हवालदिल झालेला बाप. समोर सरपंच बसलेला असतो आणि त्याच्याकडं हात करून बोलणं होतं. टीव्हीवरच्या प्रहसनात यातलं काय दिसतं? सरपंच दिसतो, पण मिशी आणि फेट्यासाठी. पीकविमा, ऊसतोडीची उचल, बँकेच्या दारात दिवस घालवणारा शेतकरी हे विषय वर्षातून एखाद-दोनदा, तेही वळसा घालून. पुढाऱ्याचं नाव नाही, पक्षाचं नाव नाही, खात्याचं नाव नाही.

याची कारणं समजून घ्यायला हवीत. वाहिनीला जाहिरातदार सांभाळायचा असतो. बदनामीचा दावा किंवा पोलीस ठाण्यातली तक्रार ही भीती खरी असते, आणि नट-लेखकांच्या मागं शेवटपर्यंत उभं राहील अशी यंत्रणा नसते. त्यात बऱ्याच भागांना नव्या सिनेमाचे पाहुणे येतात. प्रसिद्धीला आलेल्या पाहुण्यासमोर त्याच्या सिनेमाचं कौतुकच होणार. मग धोका नसलेली जागा उरते ती बायकोची, सासूची, जाड्याची, गावंढळाची. यातलं कुणी नोटीस पाठवत नाही. आणखी एक विसंगती इथं सांगितली पाहिजे. परभणीच्या हौशी संघाला राज्य नाट्य स्पर्धेत उतरायचं तर संहिता आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडं, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉर मंडळाकडं, पाठवावी लागते. दोनशे प्रेक्षकांसाठी एवढी चाळणी, आणि घराघरांत जाणाऱ्या प्रहसनाला मात्र आधी कुणाची परवानगी लागत नाही, वाहिनी स्वतःच स्वतःला तपासते. टीव्हीवरही तसं मंडळ बसवावं असा याचा अर्थ घेऊ नये. ते बसलं तर चावटपणा तसाच राहील आणि उरलासुरला उपहास जाईल.

वेळेचा मुद्दा मात्र पहिल्या तटाच्या बाजूनं जातो. तमाशाला स्वतःचं कुंपण होतं: रात्रीची वेळ, तंबू, तिकीट, आणि आपण काय ऐकायला चाललोय हे ठाऊक असलेला प्रेक्षक. मनोरंजन वाहिन्यांच्या संघटनेनं २०११ मध्ये स्वतःसाठी जी चौकट आखली तिच्यात सर्वांसाठीचा आणि मर्यादित असे दोन वर्ग आहेत, आणि मर्यादित वर्गातल्या मजकुराला रात्री ११ ते पहाटे ५ ही वेळ दिली आहे. मराठी हास्य-कार्यक्रम नऊ-दहाच्या सुमारास लागतात, म्हणजे जेवणाच्या वेळी, आणि त्यांचं पुनर्प्रक्षेपण दुपारी होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत चाळीस-बेचाळीस अंशांत घरात कोंडलेली पोरं दुपारी तेच बघतात. टोकदार, प्रौढांसाठीचा उपहास ११ नंतर लावायचा प्रयोग एकाही मोठ्या मराठी वाहिनीनं मनापासून करून पाहिला पाहिजे. त्यात शिवी आली तरी चालेल, फक्त तिला काम हवं.

तोवर घरात काय करता येईल? सेट-टॉप बॉक्सच्या सेटिंग्जमध्ये पॅरेंटल लॉक किंवा चॅनल लॉक असतो. आधी पिन बदला, कारण बहुतेक बॉक्सवर मूळ पिन ०००० किंवा १२३४ असतो आणि तो पोरांना पाठ असतो. वाहिनीची साधी आणि एचडी आवृत्ती दोन वेगळ्या क्रमांकांवर असेल तर दोन्ही बंद करा, एकच बंद केली तर लॉकचा उपयोग शून्य. वयोगटाचा लॉक असला तरी त्यावर विसंबू नका, कारण आपल्या वाहिन्या रोजच्या कार्यक्रमांना बॉक्स ओळखेल अशी वयाची खूण लावत नाहीत. आणि चॅनल लॉक लावला की त्याच वाहिनीवरची आजीची मालिकाही बंद होते, त्यामुळं तो आठवड्याभरात निघतोच. खरी अडचण मोबाइलची आहे. यूट्यूबवर प्रहसनाचे दोन-तीन मिनिटांचे तुकडे फिरतात, आणि तुकडा पाडणारा नेमका चावट भागच उचलतो. यूट्यूबचा मर्यादित (रिस्ट्रिक्टेड) मोड प्रत्येक उपकरणावर वेगळा चालू करावा लागतो. ओटीटीवर स्थिती बरी आहे: २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार यूए १३+ म्हणजे तेरा वर्षांवरच्यांसाठीच्या आणि त्यावरच्या मजकुराला पॅरेंटल लॉकची सोय देणं बंधनकारक आहे. म्हणून मोठ्यांनी पूर्ण भाग ओटीटीवर बघावा आणि नको ते पुढं ढकलावं, हे टीव्हीसमोर चिडत बसण्यापेक्षा चांगलं.

कुणी काय बघावं? नवरा-बायको, ऑफिस, शेजारी अशा विषयांची हास्यजत्रेतली प्रहसनं सगळ्यांनी मिळून बघायला बहुतेक वेळा हरकत नाही. साडीतलं पात्र आणि पाहुण्यांची खेचाखेची असलेला भाग लेकरांसोबत नको. ‘चला हवा’ची जुनी पत्रं शोधून बघावीत, दहावीतल्या पोरालाही दाखवावीत.

तक्रार करायची असेल तर ती नीट करावी. ‘घाणेरडा कार्यक्रम बंद करा’ असं लिहिलेलं पत्र कुणी वाचत नाही. वाहिनीचं नाव, कार्यक्रम, तारीख, वेळ, मूळ प्रक्षेपण की पुनर्प्रक्षेपण, आक्षेप असलेलं वाक्य शब्दशः, आणि नियम ६ चं कलम, एवढं हवं. बोलीची टवाळी असेल तर (एम), स्त्रियांची अवहेलना असेल तर (के), लहान मुलांची असेल तर (एल). आधी वाहिनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडं पाठवा. केबल नियमांच्या २०२१ च्या दुरुस्तीप्रमाणं २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निर्णय द्यावा लागतो. उत्तर पटलं नाही तर पुढच्या १५ दिवसांत वाहिनी ज्या स्वनियमन संस्थेची सदस्य असेल तिथं अपील करायचं. मोठ्या मनोरंजन वाहिन्यांसाठी ती ब्रॉडकास्टिंग कंटेंट कम्प्लेंट्स कौन्सिल म्हणजे बीसीसीसी, आणि तिला ६० दिवसांची मुदत आहे. यूट्यूबवरचा तुकडा इथं चालत नाही, टीव्हीवर दाखवल्याची तारीख-वेळ लागते. वाहिनीला प्रक्षेपणाची नोंद ९० दिवस जपावी लागते, म्हणून उशीर करू नये. मागणीही नेमकी ठेवावी. कार्यक्रम बंद करा म्हटलं की दार बंद होतं. अमुक मिनिटाचं अमुक वाक्य दुपारच्या पुनर्प्रक्षेपणातून आणि ओटीटीवरून काढा, एवढंच मागितलं तर संकलकाचं ते दहा मिनिटांचं काम असतं, आणि नाही म्हणायला वाहिनीकडं कारण उरत नाही.